चौकशी आणि विचारपूस

दिवाळीच्या फराळाच्या ताटाशी अंतराळयानातील एका आरोपीची गोष्ट घेऊन बसावे, हे काही वाचकांना चमत्कारिक वाटेल. चकली, कडबोळी आणि आमच्या सोलापूरची शेंगापोळी समोर असताना माणसाने एखाद्या हसऱ्या नाटकाविषयी बोलावे, हे मलाही मान्य आहे. पण गेल्या दिवाळीत सुटीवर आलेल्या माझ्या नातवाने मला बळेच आपल्या शेजारी बसविले आणि म्हणाला, "आजोबा, यात मारामारी नाही, नुसती बोलाबोली आहे. तुम्हाला आवडेल." पाऊण तासाचे ते नाटक मी पाहिले आणि दुसऱ्या दिवशी ते पुन्हा लावायला सांगितले. त्यातला एक तरुण तेव्हापासून माझ्या मनातून जात नाही. त्याची जी उलटतपासणी त्या नाटकात होते, तिच्याविषयी आज चार शब्द लिहावेत असे वाटते.

नाटकाचे नाव 'द ड्रमहेड'. 'स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन' या अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेतला हा एक भाग. 29 एप्रिल 1991 रोजी तो प्रथम दाखविला गेला. लेखिका जेरी टेलर, दिग्दर्शक जोनाथन फ्रेक्स. हा भाग थोडक्या खर्चात बसवायचा होता, म्हणून त्यात नवा ग्रह नाही, नवे नेपथ्य नाही, तोफांचा गडगडाट नाही. यानातल्या नेहमीच्याच खोल्या, काही खुर्च्या आणि माणसांचे चेहरे, एवढेच भांडवल. गरिबीने कधी कधी कलेचे भले होते, ते असे. चमत्काराला जागा उरली नाही, तेव्हा लेखिकेला माणसाकडे वळावे लागले.

'ड्रमहेड' म्हणजे नगाऱ्यावर ताणलेले कातडे. जुन्या काळी रणांगणावर मेज कुठून आणणार? मग लष्करी अंमलदार एखादा नगारा उभा करीत, त्याच्याभोवती बसत आणि जागच्या जागी निवाडा देत. आरोप, चौकशी, शिक्षा, सारे एकाच बैठकीत, आणि वर दाद मागायला जागा नाही. असल्या न्यायाला इंग्रजीत हेच नाव पडले. हे नाव ऐकून सोलापूरच्या माणसाच्या अंगावर काटा का यावा, ते पुढे सांगतो. आधी कथानक.

काळ चोविसाव्या शतकाचा. 'एंटरप्राइझ' नावाचे एक विशाल यान आहे आणि पिकार्ड हे त्याचे कप्तान. यानावर पाहुणा म्हणून आलेला जडान हा परक्या जातीचा अधिकारी गुप्त माहिती शत्रूला पुरवीत होता, असे उघडकीस येते. तो ते कबूलही करतो. पण त्याच सुमारास यानाच्या यंत्रगृहात एक स्फोट झालेला असतो, आणि तो मात्र मी घडविला नाही, असे तो म्हणतो. या स्फोटाच्या चौकशीसाठी नोरा सॅटी या सेवानिवृत्त नौसेनानी बाईंना मुद्दाम बोलाविण्यात येते. ही भूमिका जीन सिमन्स हिने केली आहे. आमच्या पिढीतल्या ज्या रसिकांनी 1948 चा लॉरेन्स ऑलिव्हिएचा 'हॅम्लेट' पाहिला असेल, त्यांना त्यातली ऑफिलिया आठवेल. तीच ही. त्या वेळची भाबडी पोर इथे करड्या केसांची, मृदू आवाजाची, विलक्षण हुशार बाई होऊन आली आहे. तिच्या मृदूपणातच सगळी भीती साठवलेली आहे.

लेखिकेचे पहिले कौशल्य हे की, जडान हा खराखुरा गुन्हेगार आहे. सगळाच आरोप हवेतून काढला असता, तर प्रेक्षकाने पहिल्या पाच मिनिटांतच बाईंना दुष्ट ठरवून टाकले असते. पण इथे संशयाला खरेपणाचे विरजण आहे. एक कट खरा निघाला, मग दुसराही असणारच, एकाला साथीदार सापडला पाहिजे, असे बाईंबरोबर आपल्यालाही वाटू लागते. निरपराध माणसाच्या छळाची सुरुवात पुष्कळदा अशीच एखाद्या खऱ्या गोष्टीपासून होते. पुढे ती खरी गोष्ट बाजूला राहते आणि शोध घेण्याची चटक तेवढी उरते.

हा शोध जाऊन पोहोचतो तो सायमन टार्सेस या तरुणापाशी. यानावरच्या दवाखान्यातला हा एक साधा मदतनीस. जडानला इंजेक्शने देण्याच्या निमित्ताने त्याची याच्याशी तोंडओळख झालेली. त्याला बोलावतात, खुर्चीवर बसवतात आणि सौम्यपणे प्रश्न विचारतात. तो उत्तरे देतो, तीही बहुतेक खरी. पण बाईंच्या पदरी साबिन नावाचा एक माणूस आहे. तो अशा ग्रहावरचा आहे, जिथल्या लोकांना दुसऱ्याच्या मनातल्या भावना जाणवतात. पोरगा बाहेर गेल्यावर हा साबिन सांगतो, "हा खोटे बोलतो आहे. याच्या मनात काहीतरी मोठे दडलेले आहे." पुरावा काही नाही, केवळ जाणीव. कप्तान पिकार्ड म्हणतात, नुसत्या जाणिवेवर कुणाच्या मागे लागता येणार नाही. पण शंकेचा खडा पडलेला असतो.

मग शास्त्रज्ञांचा अहवाल येतो : स्फोट हा अपघात होता. यंत्राच्या एका भागात आधीपासून दोष होता, तो कुणाच्या ध्यानात आला नव्हता, इतकेच. वाचकहो, इथे नाटक संपायला हवे होते. ज्या गुन्ह्याची चौकशी, तो गुन्हाच घडलेला नाही. परंतु बाई थांबत नाहीत. त्यांचे म्हणणे असे की, स्फोट अपघात असेलही, म्हणून कट नाही असे कसे म्हणावे? हे वाक्य एकदा कुणाच्या तोंडून निघाले की त्याला जगात उत्तर नाही. गुन्हा झाला असेल तर तो मी केला नाही असे दाखविता येते. गुन्हाच झाला नसेल, तर आपण काय केले नाही हे माणूस कसे दाखविणार?

यानंतरचा प्रवेश हा साऱ्या नाटकाचा गाभा. चौकशी आता बंद खोलीत नाही. सज्जात प्रेक्षक बसलेले आहेत, समोर बाई आणि साबिन, आणि मधोमध एकट्या खुर्चीवर टार्सेस. त्याच्या शेजारी वकिलाच्या नात्याने यानाचा एक वरिष्ठ अधिकारी बसला आहे. साबिन प्रथम सांगतो की, स्फोट एका दाहक रसायनाने घडविला गेला आणि तसली रसायने दवाखान्यात मिळतात. हे धादांत खोटे आहे, हे त्याला ठाऊक आहे. पण सज्जातल्या श्रोत्यांना ते ठाऊक नाही, आणि पोराच्या चेहऱ्यावरचा रंग तर उडालाच. मग तो आवाज चढवून दुसराच प्रश्न टाकतो : नोकरीच्या अर्जात तू आपले आजोबा व्हल्कन म्हणजे मित्रजातीचे असल्याचे लिहिलेस, ते खरे म्हणजे रोम्युलन, आपल्या शत्रूच्या जातीचे होते ना?

सभागृह स्तब्ध होते. टार्सेस वकिलाकडे पाहतो. वकील त्याच्या कानाशी लागतो. आणि तो पोरगा अगदी खालच्या आवाजात सांगतो की, या उत्तराने माझ्यावर दोष येऊ शकतो, म्हणून मी उत्तर देण्याचे नाकारतो.

त्याचा हा हक्क आहे. त्या काल्पनिक जगाच्या घटनेने तो दिला आहे, जसा आपल्या संविधानाच्या 20 व्या अनुच्छेदाच्या तिसऱ्या खंडाने आपल्याला दिला आहे. आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्यास भाग पाडता येत नाही. पण कायदा मौनाला काहीही म्हणो, सज्जातल्या माणसांनी त्याचा अर्थ कधीच लावून टाकला. तो गप्प बसला, अर्थी तो अपराधी. या एका क्षणाला कॅमेरा त्या तरुणाच्या चेहऱ्यावर स्थिरावतो आणि ध्यानात येते की, या सगळ्या प्रवेशात स्फोट कुठेच राहिलेला नाही. प्रश्न 'तू काय केलेस?' असा सुरू झाला होता. तो 'तू कोण आहेस?' असा होऊन संपला. पहिल्या प्रश्नाला निरपराध माणसाजवळ उत्तर असते. दुसऱ्याला नसते, कारण आपले आजोबा कोण असावेत हे कुणीच ठरवून जन्माला येत नाही.

इथे मला क्षणभर नाटक सोडून आमच्या जुन्या घरात जाऊ द्या. मी सात-आठ वर्षांचा असेन. दिवाळीचेच दिवस. देवघरातली चांदीची आचमनी सापडेना. घरात वरकामाला एक पोऱ्या होता, माझ्याहून तीन-चार वर्षांनी मोठा, पूर्व भागातल्या विणकरांच्या घरचा, तेलुगू बोलणारा. त्याला माजघरात उभे केले. आधी विचारले, "सकाळी देवघर कुणी झाडले?" तो म्हणाला, "मीच की." मग विचारले, "तुझा बाप हल्ली कामावर जातो का?" मग विचारले, "मागच्या घरचे काम का सोडलेस?" मग विचारले, "तुमच्याकडे कर्ज किती आहे?" त्याचे मराठी आधीच तोडकेमोडके, त्यात घाबरला. एक बोलायला जाऊन दुसरेच बोलू लागला. "बघा, कसा अडखळतोय," कुणीतरी म्हणाले. आचमनी त्या चार प्रश्नांत पहिल्यानंतर कुठेच नव्हती. संध्याकाळी ती निर्माल्याच्या परडीत, झेंडूच्या फुलांखाली सापडली. आजीने लगेच काकांना त्याच्या घरी पाठविले. पण तो पुन्हा आमच्याकडे आला नाही, आणि कुणी त्याला दोष देऊ नये.

मी त्या वेळी दाराआड उभा होतो. काही बोललो नाही. एवढ्यासाठीच टार्सेसचा तो प्रवेश मला दुसऱ्यांदा पाहावासा वाटला. आमच्या माजघरात आणि त्या अंतराळयानात चारशे वर्षांचे अंतर असेल. प्रश्नांचा उतार मात्र एकच आहे.

आता त्या साबिनविषयी. दुसऱ्याचे मन वाचणारा तपासनीस ही कल्पित विज्ञानाची भरारी आहे, असे वाटून आपण निश्चिंत राहू. पण निश्चिंत राहण्यासारखे नाही. 2008 साली पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून-खटल्याच्या निकालात मेंदूच्या लहरी मोजणाऱ्या चाचणीचा आधार घेतला, तेव्हा त्याची चर्चा परदेशी वृत्तपत्रांपर्यंत गेली होती. आरोपीच्या डोक्याला तारा लावायच्या, त्याला वाक्ये ऐकवायची आणि त्याचा मेंदू काय 'आठवतो' ते यंत्राने सांगायचे. आरोपीने तोंड उघडण्याची गरजच नाही. पुढे 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या निकालात सांगितले की, संमतीवाचून कुणावरही अशी चाचणी, नार्को चाचणी किंवा खोटे पकडणाऱ्या यंत्राचा प्रयोग करता येणार नाही. त्या न्यायाधीशांनी ज्या 20 व्या अनुच्छेदावर बोट ठेवले, तोच हक्क टार्सेस मागत होता. साबिनच्या बाबतीत लेखिकेने एक सूक्ष्म गोष्ट बरोबर हेरली आहे. साबिनची जाणीव खोटी नव्हती. पोराच्या मनात खरोखरच काहीतरी दडलेले होते. पण ते कटाचे रहस्य नव्हते, ती आजोबांची लाज होती. यंत्र किंवा मनकवडा फार तर भीती आहे एवढे सांगेल. ती भीती कशाची, हे त्याला कसे कळावे? घाबरतो तो चोर, या आपल्या जुन्या समजुतीला विज्ञानाचा अंगरखा घातला, म्हणून ती शहाणी होत नाही.

कप्तान पिकार्ड पुढे त्या तरुणाला आपल्या खोलीत बोलावतात. बसायला सांगतात, चहा देतात आणि विचारतात, तू वाढलास कुठे, या सेवेत कसा आलास? प्रश्न पाहू गेल्यास तेच : तू कोण, कुठला. पण इथे पोराचा आवाज मोकळा होतो. तो सांगतो की, अर्जातल्या त्या एका खोट्या उत्तराने आपले आयुष्य संपले आहे. आपल्या भाषेत या दोन गोष्टींना दोन वेगळे शब्द आहेत. एक चौकशी, दुसरी विचारपूस. आजाऱ्याची विचारपूस करतात, पाहुण्याची करतात. तिच्यात विचारणाऱ्याला उत्तर काय येईल ते आधी ठाऊक नसते. चौकशी बिघडते ती नेमकी तेव्हा, जेव्हा उत्तर आधीच ठरलेले असते आणि ते आरोपीच्या तोंडून वदवून घेणे तेवढे उरते. नाटकातला हा छोटा प्रवेश पुष्कळांच्या लक्षातही राहणार नाही. माझ्या मते सबंध नाटकाचे न्यायशास्त्र त्यात आहे.

दुसरे एक पात्र मला मोलाचे वाटते. सुरक्षा अधिकारी वॉर्फ हा जडानच्याच जातीचा. त्याच्या स्वतःच्या बापावर देशद्रोहाचा खोटा कलंक लागलेला आहे. हे दुःख ज्याने भोगले, तो तरी टार्सेसच्या बाजूने उभा राहील असे आपल्याला वाटते. पण तोच बाईंचा सर्वांत उत्साही मदतनीस होतो. आपल्या निष्ठेविषयी कुणी शंका घेऊ नये, म्हणून तो दुसऱ्याच्या निष्ठेवर तुटून पडतो. अन्यायाने माणूस शहाणा होतोच असे नाही, कधी कधी तो केवळ सावध होतो. हे निरीक्षण कडू आहे, पण खरे आहे.

आता दोष सांगतो. शेवटी बाई कप्तान पिकार्डवरच आरोप ठेवतात आणि त्यांना त्याच खुर्चीवर बसवतात. कप्तान शांतपणे बाईंच्या दिवंगत वडिलांचे, एका थोर न्यायमूर्तींचे, स्वातंत्र्याविषयीचे वचन उद्धृत करतात. ते ऐकताच बाईंचा तोल जातो. इतका वेळ दाबून ठेवलेला विखार सर्वांसमोर बाहेर पडतो. वरिष्ठ सेनानी एक शब्द न बोलता उठून निघून जातात आणि सभागृह रिकामे होते. प्रवेश रंगतदार आहे, दोन्ही नटांनी तो उत्तम केला आहे. तरी मला तो पटत नाही. आयुष्यात चौकशी करणारे असे सोयीस्करपणे भान हरपत नाहीत. ते शांत राहतात, दस्तऐवजांवर सही करतात आणि वेळेवर जेवायला जातात. अमेरिकन लेखिकेच्या मनात 1950 नंतरच्या दशकातले सिनेटर मॅकार्थी असावेत. 1954 साली सबंध देशाच्या डोळ्यांदेखत चाललेल्या सुनावणीत त्यांचा दबदबा ओसरला, ही घटना त्या देशाच्या स्मरणात आहे. म्हणून तिथल्या नाटकाला असा शेवट शक्य वाटतो.

आपल्या रंगभूमीने याहून कठोर शेवट लिहिला आहे. विजय तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' 1967 साली रंगभूमीवर आले. अरविंद देशपांडे यांचे दिग्दर्शन आणि सुलभा देशपांडे यांची बेणारेबाई. तेही नगाऱ्यावरच्या न्यायाचेच नाटक आहे. फावल्या वेळी खेळ म्हणून कोर्ट मांडलेले, आरोप गंमत म्हणून ठेवलेला, आणि बघता बघता एका अविवाहित शिक्षिकेचे सबंध खासगी आयुष्य पिंजऱ्यात उभे केले जाते. तिथेही साक्षीदार सामंत आपली साक्ष एका कादंबरीच्या आधाराने रचतो, जसा इथे साबिन न घडलेल्या रसायनाची गोष्ट रचतो. तिथेही प्रश्न 'काय केलेस'वरून 'कोण आहेस'वर घसरतो. पण तेंडुलकर बेणारेला कुणी कप्तान देत नाहीत. तिचे ते प्रसिद्ध स्वगत चालू असताना रंगमंचावरची बाकीची माणसे गोठलेली असतात. ते ऐकतो फक्त प्रेक्षक. निकाल लागतो, आणि मग ती सगळी सभ्य माणसे तिला सांगतात की, हा तर नुसता खेळ होता, मनावर घेऊ नका. ज्यांनी हे पाहिले आहे, त्यांना ठाऊक आहे की नाट्यगृहाबाहेर पडताना आपण कुणाशी नजर मिळवत नाही. 'द ड्रमहेड' पाहून आपण समाधानाने उठतो. बेणारेबाई आपल्याला समाधान देत नाहीत. म्हणून ती मोठी.

सोलापुरात नाटके जिथे होतात, त्या नाट्यगृहाचे नाव हुतात्मा स्मृती मंदिर आहे. तिकीट काढून आत जाणाऱ्यांपैकी कितीजणांच्या मनात त्या नावाचा अर्थ उमटतो, कोण जाणे. नगाऱ्याचे नाव ऐकून सोलापूरकराच्या अंगावर काटा का यावा, असे मी वर म्हटले होते, ते या नावामुळे.

1930 सालच्या मे महिन्यात गांधीजींच्या अटकेची बातमी आली आणि गाव पेटून उठले. 8 मे रोजी गोळीबार झाला, त्यात शंकर शिवदारे हा तरुण पडला. त्याच दिवशी मंगळवार पेठेच्या चौकीतले दोन पोलीस जमावाच्या हातून मारले गेले. 12 मे पासून गावावर लष्करी कायदा बसला, तो 30 जूनपर्यंत. गांधी टोपी घालणे आणि तिरंगा लावणे हेही त्या दिवसांत गुन्हे झाले होते. त्या दोन पोलिसांच्या हत्येच्या आरोपाखाली मल्लप्पा धनशेट्टी, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांवर खटला झाला, आणि 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्याच्या तुरुंगात त्यांना फाशी देण्यात आले. त्या हत्येशी या चौघांचा संबंध नव्हता, अशी सोलापूरची तेव्हापासूनची ठाम श्रद्धा आहे. या चौघांनी चळवळीत भाग घेतला होता, ते गावाला माहीत असलेले कार्यकर्ते होते, एवढे मात्र कुणीच नाकारले नाही. सरकारला पाहिजे होते ते बहुधा तेवढेच. दोन पोलीस मारले गेले ही गोष्ट खरी होती, जडानची हेरगिरी खरी होती तशीच. त्या खऱ्या गोष्टीवर जी इमारत उभी राहिली, तिच्या पायाशी प्रश्न एकच दिसतो : तुम्ही कोण आहात?

त्यांच्यासाठी कुणी कप्तान आला नाही. न्यायमूर्तींचे वचन ऐकून कुणाचा तोल गेला नाही, सभागृह लाजेने रिकामे झाले नाही. पण गावाने एक गोष्ट केली, आणि या लेखाचे सगळे सांगणे त्या एका गोष्टीपाशी येऊन थांबते. गावाने त्यांची नावे विसरू दिली नाहीत. चौकात चौघांचे पुतळे आहेत. आम्ही सोलापूरकर 'चार पुतळ्यांपाशी भेट' असे सहज म्हणतो आणि रिक्षावाल्यालाही तेवढे पुरते. कन्नड, उर्दू, मराठी, मारवाडी अशा चार वळणांच्या घरांतली ती चार नावे एका दमात म्हणण्याची सवय शाळेतल्या मुलांना लागलेली आहे. न्यायाधीशाचे नाव किती जणांना सांगता येईल? मला नाही सांगता येणार, आणि त्याची मला खंत नाही.

'द ड्रमहेड'ची खरी उणीव मला इथे उभे राहून दिसते. शेवटच्या प्रवेशात कप्तान आणि वॉर्फ बोलत असतात. स्वातंत्र्य, सावधगिरी, माणसाच्या वेषात येणारे भय, सगळे विचार उत्तम आहेत. कप्तानांचा विजय झालेला आहे. पण टार्सेस? त्याची नोकरी राहिली की गेली? त्याच्या आजोबांचे नाव सर्वांना कळल्यावर भोजनगृहात त्याच्या शेजारी कुणी बसले का? नाटक काही सांगत नाही. ज्याच्यासाठी एवढा खटाटोप झाला, तोच कथेतून हलकेच नाहीसा झाला आहे. नाटकाने जाणूनबुजून तसे केले असते, तर ती मोठी टीका ठरली असती. पण तसे दिसत नाही. लेखिकेला आपला नायक सापडला आणि आपला कैदी हरवला. खोट्या आरोपाच्या कितीतरी गोष्टींना हा शाप आहे. सोडविणारा लक्षात राहतो, सुटलेला राहत नाही. बेणारेबाई शेवटपर्यंत रंगमंचावर पडून असतात, पडदा पडेतो आपण त्यांच्याकडेच पाहत असतो. तेंडुलकरांना आपला कैदी कोण, हे नीट ठाऊक होते.

तरीही मी हे नाटक घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून पाहावे असेच म्हणेन. त्या उलटतपासणीचा एक प्रवेश इतका सच्चा आहे की, बाकीचे दोष त्याला माफ आहेत. मुलांना ते कळते. किंबहुना मोठ्यांपेक्षा अधिक कळते, कारण 'अडखळतोस का? म्हणजे तूच केलेस!' हे त्यांना रोजच ऐकावे लागते.

नाटक संपल्यावर माझ्या नातवाने हाच प्रश्न विचारला होता. "आजोबा, त्या टार्सेसचे पुढे काय झाले?" मी म्हणालो, "त्यांनी दाखवलेले नाही." तो म्हणाला, "मग तुम्हाला काय वाटते?" मला त्या वेळी उत्तर सुचले नाही. मी त्याला आचमनीची गोष्ट सांगितली. ती मी आजवर घरात कुणाला सांगितली नव्हती. ऐकून तो बराच वेळ गप्प बसला आणि मग त्याने विचारले, "त्याचे नाव काय होते?"

नाव मला आठवत होते. ते मी त्याला सांगितले.

आचमनी अजून आमच्या देवघरात आहे. लक्ष्मीपूजनाला ती घासून ठेवतात. यंदा ते काम नातवाने मागून घेतले आहे.